माहेरच्या नावाचा वाटा

माझ्या बायकोला दोन नावं होती. दोन्हीतलं एकही इथं लिहीत नाही, ती आमच्या घरची गोष्ट आहे. पण त्या दोन नावांपायी मी काय केलं ते लिहितो. चांगलं केलं असं म्हणत नाही.

आम्ही तलावावर जगणारी माणसं. नागभीडकडचं गाव, गावाच्या डोक्यावर मोठा जुना तलाव, अन् ढिवरांची मासेमारी सोसायटी. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोठं जाळं ओढायचा दिवस ठरतो. सगळे मेंबर पाण्यात उतरतात. जे निघेल ते पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ताडपत्रीवर ओततात. रोहू, कतला, मरळ, झिंगे, चिखलातले खेकडेसुद्धा. मग जेवढे मेंबर तेवढे वाटे घालायचे. हे वाटे घालायचं काम बावीस वर्षं माझ्याकडं होतं. त्यात निवडानिवड नसते. रोहू जास्त निघाला तर सगळ्यांच्या वाट्यात रोहू जास्त, झिंगेच निघाले तर सगळ्यांना झिंगे. वाटे झाले की एक जण तिकडं पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर हात ठेवून ओरडतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस मनाला येईल ते एक नाव घेतो. नाव आलं की वाटा त्याचा. कुरकुर करायची नाही, बदलून मागायचा नाही. वाटे घालणाऱ्यानं शेवटचा उरलेला घ्यायचा, अन् मजुरी म्हणून वर मूठभर झिंगे.

आणखी एक नियम आहे. वाटा हजर माणसाचा. जो पाळीवर आला नाही, अन् ज्याचं निदान एखादं फडकंही तिथं ठेवलेलं नाही, त्याचा वाटा मोडून बाकीच्यांत टाकतात. आजारी माणूस आपला दुपट्टा पाठवतो. दुपट्टा पाळीवर असला की माणूस हजर धरायचा.

या नियमातच आम्ही दोघं म्हातारे झालो. नावं पुकारली जायची ती सगळी बाप्यांची. माझ्या नावाचा वाटा टोपल्यात भरून बायको घरी न्यायची, त्यातला अर्धा बाजारात विकायची. सासरचं नाव तिला लग्नात मी दिलं होतं, तांदळात लिहून. पण त्या नावानंही तिला कोणी हाक मारली नाही. गावासाठी ती माझी बायको, पोरीसाठी माय, धाकट्या भावासाठी बाई. माझ्यासाठी "ऐकतं काय" एवढंच. चाळीस वर्षं त्यावर भागलं.

तिचं माहेर चांद्याकडचं. बाप मेल्यावर त्याची जमीन कोळशाच्या खाणीत गेली. सातबाऱ्यावर भावाचं अन् बहिणीचं, दोघांचं नाव चढलेलं होतं. आमच्याकडं बहिणीला चोळीबांगडी देऊन सही घेतात अन् मोकळे होतात. या भावानं तसं केलं नाही. तो चांद्याला सरकारी हापिसात कारकून, पोट सुटलेला, बोलायला कडू, पण मनानं साफ. पैसे आले तसा अर्धा हिस्सा तिच्या नावानं बँकेत टाकला. सातबाऱ्यावर होतं तेच, म्हणजे माहेरचं नाव. मग आमच्याकडं आला अन् ओसरीवर बसून सांगू लागला की पैसे असे बँकेत ठेवू नका, फंडात टाका. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा.

मी म्हटलं, "आमच्या गावात तीन येजंट आले अन् तीनही पयाले. तू चवथा हायेस काय?"

"भाटवा, मी तुमचा साळा हाय. पयून कुठी जाऊ?"

त्यानं सांगितलं ते मला समजलं नाही. म्हणे ईटीएफ. म्हणे मुंबईची मोठी फंडवाली कंपनी आहे, ती देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर घेते अन् त्याचे बारके बारके युनिट करून बाजारात विकते. एक युनिट घेतलं की पन्नासही कंपन्यांचा तुकडा त्यात येतो. मोठ्या कंपनीचा मोठा, लहानीचा लहान.

मी सुपारी कातरत होतो. बायको उंबऱ्यात बसून मासे साफ करत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "पन्नासातल्या कोनत्या चांगल्या, थे कोन ठरवते?"

"कोनी नाई ठरवत, बाई. यादीत हायेत थ्या सगळ्या घ्याच्या. निवडाचं कामच नाई."

"मंग हा तं आपल्या पाळीवरचा वाटा झाला."

साळा तिच्याकडं पाहतच राहिला. तिनं दुसरा मासा घेतला.

"वाटे घालनाऱ्याले काय भेटते?"

"मजुरी. पन लय कमी. निवडाची अक्कल लागत नाई म्हून कमी. दुसऱ्या फंडात निवडनारे साहेब असतात, थे जास्त घेतात."

"म्हंजे मूठभर झिंगे."

"मूठभर बी नाई. चिमूटभर."

"अन् वाटे घालनारा ताडपत्री घेऊन पयाला तं?"

"माशे त्याच्यापाशी नसतेतच. थे तिसऱ्यापाशी ठेवले असतात. त्यानं फक्त वाटे घालाचे."

"अन् कधी कमी निघाले तं?"

"तं कमी, बाई. खोटं नाई सांगत. एखाद्या साली अर्धे बी होतीन. पोटाचा पैसा असंन तं टाकू नोको."

तिनं हात धुतले. म्हणाली, "नातीसाठी टाका. थे नर्स होतो म्हनते. तवापर्यंत कोनी हात लावाचा नाई." मग माझ्याकडं पाहून, "यायनं बी नाई."

मी बावीस वर्षं वाटे घातले अन् मला ते समजलं नाही, तिला एका माशात समजलं. हे तिच्या तोंडावर मी कधी म्हटलं नाही. म्हणायला पाहिजे होतं.

चांद्याला शेअरचं हापिस होतं, दुसऱ्या माळ्यावर. तिथं डिमॅट खातं काढायचं होतं. ते म्हणजे युनिट ठेवायचा डबाच, पण हात लावायला काही नाही. बाकावर बसलो. काउंटरवर एक पोरगी होती, चष्मेवाली, लग्न न झालेली. तिनं कागद पाहून मोठ्यानं एक नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. तिनं पुन्हा पुकारलं. मी इकडंतिकडं पाहिलं, ही कोण बाई उठत नाही म्हणून. अन् माझी बायको उठली.

खरं सांगतो, मला ते नाव आठवत नव्हतं. लग्नाच्या वेळी कानावर पडलं असेल. पण ती उठली तेव्हा पदर नीट करून, मान सरळ ठेवून उठली. पाळीवर नाव पुकारल्यावर बाप्ये उठतात तशी. काउंटरपाशी जाऊन म्हणाली, "होय. मीच."

त्यानंतर दर साली आम्ही चांद्याला जाऊ लागलो. तिनंच ठरवलं. वाटा हजर माणसाचा, म्हणून सालातून एकदा जाऊन तोंड दाखवून यायचं. पहिल्या साली त्या पोरीनं समजावलं, "काकू, यायची गरज नाही. तुम्ही या न या, युनिट तुमचेच. घरी कागद येतो."

"लोक असेच म्हनतात, बाई. वाटा गेल्यावर म्हनतात, आली काऊन नाई?"

"अहो काकाजी, तुम्ही तरी सांगा."

मी काय सांगतो? मलाही तेच वाटत होतं. आमच्या अकलेत न आलेल्या माणसाचा वाटा राहतो हे बसतच नव्हतं. हापिसातली माणसं आधी हसली. मग त्यांना सवय झाली. उन्हाळा लागला की ती पोरगी म्हणायची, "आता काकू येतील." आम्ही गेलो की ती मुद्दाम खुर्चीवरून उठून, सगळ्या हापिसाला ऐकू जाईल असं माझ्या बायकोचं माहेरचं नाव पुकारायची. बायको म्हणायची, "हाजर." मग आम्हाला चहा. युनिट किती अन् त्यांचा भाव काय ते पोरगी सांगायची, बायको मान हलवायची, अन् आम्ही निघायचो. भावासाठी नेलेली सुकी मासळी पिशवीत असायची. हापिसभर वास सुटायचा. एकदा एक साहेब नाकाला रुमाल लावून बसला, तर ही त्याला म्हणते, "साहेब, हा बी वाटाच हाय. घ्याचा काय?"

येताना गाडीत ती खिडकीला बसायची. तिकिटाला पैसे जातात म्हणून मी दरवेळी कटकट केली. तो दिवसभराचा प्रवास, साळ्याच्या घरचं जेवण, अन् मधे ते एक नाव. मी समजलो हिला पैशाची काळजी आहे. पैशाची नव्हती. हे मला उशिरा समजलं.

एका साली गेलो तर हापिसात मयत झाल्यासारखे सगळे बसलेले. भाव पडला होता. एक माणूस कपाळाला हात लावून काउंटरवर वाकला होता, "विका, सगळं विका," म्हणत होता. त्या दिवशी पोरगीनं नाव हळूच घेतलं, घाबरतच. बायकोनं विचारलं, "काय झालं वं? माशे मेले काय?"

"नाही काकू, भाव पडला."

"युनिट किती हायेत?"

"तेवढेच आहेत."

"अन् पन्नास कंपन्या?"

"त्याही आहेत. एखादी यादीतून जाते, तिच्या जागी दुसरी येते."

"मंग वाटा तेवढाच हाय नं. भाव बाजाराचा हाय, थो उद्या येगळा." अन् त्या कपाळाला हात लावलेल्या माणसाकडं वळून, "भाऊ, वाटा पदरात पडल्यावर बदलून मागाचा नसते. तुमच्या घरी शिकवलं नाई काय?"

तो माणूस तिच्याकडं असा पाहू लागला की मी तिचा हात धरून तिला खाली आणलं. जिन्यात म्हटलं, "लोकायचं पाहून बोलत जा." म्हणाली, "लोकायचंच पाहून बोलली."

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात तिला ताप आला. ताप मेंदूत गेला. तीन दिवसांत संपली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाणी मागितलं, मी दिलं, तिनं अर्धंच घेतलं.

दहाव्यानंतर ग्रामपंचायतीचा माणूस मृत्यूची नोंद करायला घरी आला. नाव विचारलं. मी सासरचं नाव सांगितलं. त्याच नावानं ती रेशनकार्डावर होती, मतदार यादीत होती. त्यानं दाखला दिला. तो मी पत्र्याच्या पेटीत ठेवला.

पुढं काही दिवसांनी फंडाचा कागद आला. त्यावर तिचं माहेरचं नाव. तो कागद पेटीत ठेवायला गेलो तर दोन कागद एकाशेजारी एक झाले. मी दोन्ही वाचले. एक म्हणत होता, अमुक बाई मेली. दुसरा म्हणत होता, तमुक बाईकडं इतके युनिट आहेत. त्या दोन कागदांवर दोन बाया होत्या. अन् दुसरी मेलेली नव्हती.

मी पेटी बंद केली अन् गप्प बसलो. मी केलं ते हेच.

साळ्यानं विचारलं, "भाटवा, हापिसात दाखला देला काय? तुमचं नाव नॉमिनी म्हून हाय, तुमच्या खात्यात येऊन जाईन." मी म्हटलं, "देला." खोटं बोललो. उन्हाळ्यात एकटाच चांद्याला गेलो, साळ्याला न सांगता. पिशवीत तिचं लुगडं घेतलं होतं. बाकावर बसलो अन् पिशवी शेजारी ठेवली. पोरगी म्हणाली, "काकू नाही आल्या?"

"गुडघे धरले. घरी हाय."

"मग पुकारू का नाव? तुम्ही ओ द्या."

"पुकार."

तिनं पुकारलं. मी "हाजर" म्हटलं. पोरगीनं चष्म्यावरून पाहिलं अन् चहा सांगितला. दुसऱ्या सालीही तेच केलं. तेव्हा पोरगीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. म्हणाली, "काकूंना आणा ना एकदा, मला आशीर्वाद पाहिजे." मी म्हटलं, "सांगतो तिले."

त्याच साली नात बारावी झाली. माझी पोरगी गोंडपिपरीकडं दिली आहे, जावयाची दोन एकर धानाची शेती. नातीला नर्सिंगला नंबर लागला, पण फी महिन्याच्या आत भरायची होती. पोरगीनं माझ्याकडं मागितलं नाही. साळ्याला कळलं तसा तो आला अन् म्हणाला, "यासाठीच तं बाईनं ठेवले होते. इका आता. उद्या जाऊ हापिसात."

मग मला सांगावं लागलं. सगळं सांगितलं. दोन साल, लुगडं, गुडघे, सगळं.

साळा उठून उभा राहिला. त्याचं तोंड लाल झालं होतं. मला वाटलं, मारतो आता.

"काऊन?" एवढंच म्हणाला.

"दाखल्यावरचं नाव येगळं हाय. थे बाई येगळी."

"भाटवा, येडे झाले काय? माझी बहीन हाय थे. मले मालूम नाई काय कोन मेलं?"

"मालूम हाय. मले बी मालूम हाय. पन तिच्या नावावर काय होतं रे? घर माझ्या नावानं. सोसायटी माझ्या नावानं. वाटा उचलत होती थो माझ्या नावाचा. हे एक तिचं होतं. तिथं जाऊन दाखला देला का थे पोरगी एक बटन दाबन अन् नाव पुसन. मंग थे नाव कोन घेईन? तू घेतं काय?"

"मी बाईच म्हनलो जनमभर." तो खाली बसला. "थे नाव माय घेत होती अन् बाबा घेत होते. दोघंही गेले."

"मंग राहू दे."

"अन् पोरीची फी?"

"माझं घर इकतो."

तेव्हा तो ओरडला. शेजारपाजारचे बाहेर आले. "घर इका नाई तं तलाव इका! तुमी माझ्या बहिनीले अर्धी मारून ठेवली. सासरची मेली, माहेरची जित्ती. तिकडं दहावा झाला, इकडं हापिसात गुडघे दुखून राह्यले तिचे. दोन वर्सापासून अधांतरी हाय थे. तिले पुरी तं जाऊ द्या."

मी मासे मारणारा माणूस आहे. जाळ्यात अर्धवट अडकलेला मासा मी कधी तसा सोडला नाही. एकतर काढून घेतला, नाहीतर पाण्यात सोडला. अन् माझ्या बायकोला मी तसंच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी चांद्याला गेलो. काउंटरवरच्या पोरगीपुढं दाखला ठेवला. तिनं वाचला. तारीख वाचली. माझ्याकडं पाहिलं. चष्मा काढून पुसला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग नाकातून पाणी ओढत म्हणाली, "काकाजी, नावं वेगळी आहेत. दोन्ही नावाची एकच बाई, असं लिहून द्यावं लागेल. शंभराच्या स्टॅम्पवर."

खाली कोर्टासमोर झाडाखाली टायपिंगवाले बसतात. त्यातल्या एकाला साळ्यानं सगळं सांगितलं. त्यानं खटाखट टाइप केलं अन् कागद माझ्यापुढं धरला, "काकाजी, वाचून घ्या, मंग सही."

चौथी शिकलेला माणूस मी. बोट ठेवून वाचत गेलो. मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की माझी पत्नी, अन् पुढं तिचं सासरचं नाव. त्यापुढं 'उर्फ'. त्यापुढं तिचं माहेरचं नाव, तिच्या बापाच्या नावासकट. ही एकच व्यक्ती होय.

एवढ्या वर्षांत ती दोन नावं कुठंच एका ओळीत आली नव्हती. रेशनकार्डावर ती अर्धी, सातबाऱ्यावर अर्धी, हापिसात अर्धी. मीसुद्धा अर्धीच पाहिली होती. ज्या कागदाला मी दोन साल भ्यालो, त्यावर ती सबंध होती.

सही केली. युनिट माझ्या खात्यात आले तसे नातीच्या फीपुरते विकले, बाकीचे तसेच ठेवले. नातीचं आता दुसरं साल चालू आहे.

त्या दिवशी सही झाल्यावर मी टायपिंगवाल्याला म्हटलं, "याची झेरॉक्स दे."

"ओरिजनल हापिसात द्याचा हाय, काकाजी. झेरॉक्सचं तुमाले काय काम?"

"वाचाची हाय."

साळा म्हणाला, "दोन काढ."